कारचा एसी: कॉम्प्रेसर खरंच गेलाय, हे ठरवायचं कसं?

खाडीकाठ
गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, ८२,००० किमी झालेली. मुक्काम रत्नागिरी, समुद्र अर्ध्या किलोमीटरवर, गाडी बाराही महिने उघड्यावर.

तक्रार अशी: सकाळी एसी मस्त गार. अर्धा-पाऊण तास चालली, त्यातून हातखंब्याच्या बाजूला गर्दीत रेंगाळली, की वारा कोमट. बंद करून तासभर सावलीत ठेवली की पुन्हा गार. गॅरेजचं उत्तर, "कॉम्प्रेसर गेला, नवीन टाका, गॅस धरून २४ हजार." गॅसचं प्रेशर मोजणारं गेज लावलेलं नाही, मीटर लावलेला नाही.

कॉम्प्रेसर खरंच गेला हे ठरवायला कोणत्या तपासण्या लागतात, आणि त्यातल्या घरी कोणत्या जमतील? हाताशी मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, फिलर गेज आणि पान्यांचा संच आहे.

जांभा
आतून गेलेला कॉम्प्रेसर तासभर सावलीत उभा राहून बरा होत नाही. पैसे तूर्त खिशात ठेवा आणि एकच गोष्ट बघा: वारा कोमट होतो त्या वेळी कॉम्प्रेसरच्या तोंडावरच्या चुंबकी क्लचची (गिअरच्या नव्हे) प्लेट फिरतेय की थांबलीय?

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू, एसी फुल. बोनेट उघडून टॉर्च कॉम्प्रेसरच्या तोंडावर मारा. बाहेरची पुली पट्ट्याबरोबर कायम फिरते, तिच्यावरून काही कळत नाही. मधली प्लेट, जिच्यावर बहुधा तीन रिव्हेट आणि मध्यभागी एक बोल्ट दिसतो, ती क्लचने पकडल्यावरच फिरते. ओढणी, सैल बाही, मीटरच्या वायरी पट्ट्यापासून लांब ठेवा. रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो, हात तिकडे नको.

प्लेट फिरतेय आणि तरी कोमट, तर दोष गॅसच्या वाटेत. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय, नाहीतर सिस्टिममध्ये शिरलेला ओलावा एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (त्या कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक झडपेच्या) तोंडाशी गोठतोय. बर्फाची खूण सोपी आहे: ब्लोअर जोरात असूनही जाळीतून येणारा वारा हळूहळू बारीक होतो. एसी बंद करून नुसता ब्लोअर दहा मिनिटं चालवला की वारा परत येतो आणि गाडीखाली पाण्याचं थारोळं पडतं. मग कूलिंग कॉइलजवळचा थर्मिस्टर (तापमानाचा सेन्सर) तपासायचा. कॉइल ३-४ अंशांवर आली की त्याने क्लच सोडवायला हवा.

प्लेट थांबलीय, तर दोष विजेत, क्लचमध्ये किंवा प्रेशर चढून स्विचने तोडल्यामुळे. या वाटा पूर्ण वेगळ्या आहेत, म्हणून हे आधी.

माडवन
मे महिन्यात एसी बंद पडलेली गाडी म्हणजे मोदकपात्र आणि आतले आपण. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

वायरिंगवाला
जांभांना अनुमोदन. प्लेट थांबलेली असेल तर पुढचा क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा रेडिएटर-कंडेन्सरचा पंखा (कंडेन्सर म्हणजे रेडिएटरपुढची, एसीचा गॅस थंड करणारी जाळी). एसी लावल्यावर पंखा फिरलाच पाहिजे. "चालताना गार, गर्दीत कोमट" यात निम्म्या वेळा पंखा, त्याचा रिले किंवा त्याचं अर्थिंग निघतं. वारा मिळाला नाही की हाय साइडचं, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचं, प्रेशर चढतं आणि साधारण ३० बारच्या आसपास स्विच क्लच तोडतो. घरी करण्याजोगी चाचणी: प्लेट थांबलेली असताना कंडेन्सरच्या जाळीवर बाटलीने पाण्याची बारीक फवार मारा. मिनिटभरात क्लच पकडला तर प्रेशरचा प्रश्न. काहीच फरक नाही तर पुढे चला.

मग कॉम्प्रेसरकडे जाणारी वायर. टेस्ट लॅम्प नको, मल्टिमीटर घ्या आणि कनेक्टर जोडलेलाच ठेवून मागून पिन लावा. भार असताना मिळणारे व्होल्ट खरे. इंजिन चालू असताना १२.५ च्या वर असायला हवेत. ९-१० दिसले तर रिलेचे पॉइंट जळलेत किंवा कनेक्टरच्या पितळी पिनांना हिरवा गंज चढलाय. आपल्याकडे खाऱ्या हवेने हे हटकून होतं. रिले तपासायला त्याच नंबरचा हॉर्नचा रिले तात्पुरता तिथे लावून बघता येतो. व्होल्ट शून्यच असतील तर फ्यूज, रिले, प्रेशर स्विच, थर्मिस्टर असं मागे मागे जायचं.

शेवटी क्लचच्या चुंबकाच्या कॉइलचा रेझिस्टन्स. कनेक्टर काढून मोजा. थंड असताना बहुतेक गाड्यांत ३ ते ५ ओहम. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल ओपन. काही कॉइलमध्ये आतच थर्मल फ्यूज असतो, प्लेट घसरून तापली की तो उडतो.

एक गैरसमज आधीच दूर करतो: काही नव्या गाड्यांत कॉम्प्रेसरला क्लचच नसतो, आतला कंट्रोल व्हॉल्व्ह गॅस कमी-जास्त करतो. तिथे "टक" आवाज येत नाही म्हणून कॉम्प्रेसर मेला असं म्हणू नये.

सुरमई_फ्राय
एवढं कशाला? गॅस कमी असेल. गॅस कमी झाला की असंच होतं. गेज लावा, गाडी बंद असताना ९५ पीएसआय आलं की गॅस पूर्ण, कमी आलं की भरून घ्या. पाचशे-हजारात काम.

जांभा
@सुरमई_फ्राय, इथेच सगळे फसतात, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी बंद असताना दिसणारं प्रेशर गॅस किती आहे ते सांगत नाही. आत थोडाही द्रव गॅस शिल्लक आहे तोवर ते फक्त तापमान सांगतं. गाडीच्या एसीतल्या आर-१३४ए गॅसला २५ अंशांना साधारण ८२ पीएसआय, ३० ला ९६-९७, ३५ ला ११४. सिस्टिममध्ये ३८० ग्रॅम असो की २५० ग्रॅम, ३० अंशांना काटा ९६ वरच. घरच्या सिलिंडरचं तसंच असतं, निम्मा संपला म्हणून शेगडीची ज्योत निम्मी होत नाही. काटा तापमानाच्या हिशोबापेक्षा बराच खाली असेल तर मात्र गॅस जवळजवळ गेलाय हे नक्की.

गॅस मोजायचा तर काढून वजन करायचं आणि बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅममध्ये परत भरायचं. छोट्या हॅचबॅकमध्ये मुळात एवढा कमी गॅस असतो की ८०-१०० ग्रॅमचा फरक लगेच जाणवतो. अंदाजाने "थोडा टॉप-अप" मारून जास्त झाला तर हाय साइड चढते आणि तोच कॉम्प्रेसर मरतो.

आता मूळ प्रश्न, कॉम्प्रेसर गेलाय हे गेजवर कसं दिसतं. इंजिन १५०० आरपीएमवर, दारं उघडी, ब्लोअर फुल, बाहेर ३२-३४ अंश. तब्येत चांगली असेल तर लो साइड (कॉम्प्रेसरकडे परतणारा गॅस) ३० ते ४५ आणि हाय साइड २०० ते २५० पीएसआय. लो ७०-८० आणि हाय १२०-१३० वर अडकलेत, प्लेट फिरतेय, गॅस वजनाने बरोबर आहे, तेव्हा कॉम्प्रेसर दाबत नाही असं म्हणता येतं. आतल्या रीड व्हॉल्व्हच्या पट्ट्या तुटल्या किंवा पिस्टन झिजले. क्लच नसलेल्या जातीत कंट्रोल व्हॉल्व्ह अडकला तरी अगदी हेच आकडे येतात, आणि तो व्हॉल्व्ह बऱ्याच मॉडेलला वेगळा मिळतो.

दोन्ही बाजू खाली असतील तर गॅस कमी. दोन्ही वर असतील तर गॅस जास्त, आत हवा, किंवा कंडेन्सरला वारा नाही. लो साइड शून्याकडे किंवा व्हॅक्यूममध्ये चालली तर वाट तुंबलीय. आवाजाचंही तसंच: एसी बंद असतानाही घरघर येते तर पुलीचं बेअरिंग, एसी लावल्यावरच येते तर क्लच किंवा कॉम्प्रेसरचं पोट.

पाना_दहा
वायरिंगवाल्यांनी कॉइलपर्यंत आणलंय, त्यापुढे मी. लक्षण वाचताक्षणी माझा संशय क्लचच्या गॅपवर.

प्लेट आणि पुली यांच्यामध्ये क्लच सुटलेला असताना साधारण ०.३ ते ०.६ मिमी अंतर हवं (आपल्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा). वर्षानुवर्षं पकड-सोड होऊन दोन्ही तोंडं झिजतात आणि अंतर वाढतं. वाढलं की चुंबकाची ओढ झपाट्याने कमी होते. अंतर दुप्पट तर ओढ साधारण चौथ्या हिश्श्यावर. त्यात बोनेटखालच्या उष्णतेने कॉइलच्या तांब्याचा रेझिस्टन्स वाढतो. थंड असताना ३.६ ओहमची कॉइल शंभर अंशांना ४.६ च्या पुढे जाते, म्हणजे करंट साडेतीन अँपिअरवरून पावणेतीनवर. सकाळी जेमतेम ओढली जाणारी प्लेट दुपारी ओढली जात नाही. गाडी थंड झाली की परत पकडते.

खात्री करायची युक्ती: प्लेट थांबलेली आणि व्होल्ट येत असताना, लांब लाकडी दांड्याने प्लेटच्या तोंडावर हलकेच टिचकी द्या. टक करून पकडली आणि वारा गार झाला, तर गॅपच. दांडा लाकडाचाच, लांबच, आणि पट्ट्यापासून दूर. मनात धाकधूक असेल तर हे करू नका, इंजिन बंद करून फिलर गेजने तीन ठिकाणी मोजा.

काजूबी
थोडं वेगळं विचारतो. चिपळूणमधल्या एका गाडीचा कॉम्प्रेसर पूर्ण जाम आहे. पुली फिरते, क्लच पकडला की पट्टा किंचाळतो आणि रबर जळल्याचा वास येतो. पाइप उघडला तर तेल काळं, बोटांवर चोळलं की चंदेरी चमक दिसते. रिकंडिशन कॉम्प्रेसर ११ हजारात बसवून मिळतोय. घ्यावा का?

जांभा
नुसता कॉम्प्रेसर बसवू नका, नवा असो की रिकंडिशन. ती चमक म्हणजे ॲल्युमिनियमचा चुरा, आणि तो आता कंडेन्सर, ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी डबी), एक्स्पान्शन व्हॉल्व्ह सगळीकडे पोचलाय. नवा कॉम्प्रेसर पहिल्या काही तासांत तोच चुरा ओढून घेतो.

पॅरलल-फ्लो कंडेन्सरच्या नळ्यांची भोकं इतकी बारीक असतात की तो फ्लश करून साफ होत नाही. बदलायचाच. ड्रायर बदलायचा (पुष्कळ गाड्यांत तो कंडेन्सरच्याच बाजूला जोडलेला येतो). एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदलायचा. कूलिंग कॉइल आणि पाइप एसीच्या फ्लशिंग द्रवाने धुऊन कोरड्या नायट्रोजनने फुंकायचे, पांढऱ्या फडक्यावर काही उमटत नाही तोवर. गॅरेजच्या हवेच्या कॉम्प्रेसरने फुंकू नका, आपल्या हवेतलं सगळं पाणी त्यात असतं. पेट्रोल, थिनर अजिबात नको.

सगळ्यात महत्त्वाचं: तो जाम का झाला? बहुतेक वेळा उत्तर "तेल संपलं". कॉम्प्रेसरला वेगळी तेलाची टाकी नसते, तेल गॅसबरोबर फिरतं. बारीक लीकमधून गॅस जातो तेव्हा तेलही झिरपतं. मग कोणीतरी दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरतो, तेल नाही. तीन-चार उन्हाळ्यांनी पिस्टन कोरडे.

पाना_दहा
रिकंडिशनबद्दल जांभांपेक्षा माझं मत थोडं कडक. क्लच, बेअरिंग, शाफ्ट सील बदललेला चांगला जुना कॉम्प्रेसर चालतो. पण एकदा चुरा सुटलेला कॉम्प्रेसर पॉलिश करून विकतात, तो बाहेरून ओळखता येत नाही. पोर्टची टोपी काढून हाताने प्लेट फिरवा. सगळीकडे सारखा गुळगुळीत दाब लागला पाहिजे. कुठे खरखर, कुठे एकदम हलकं, तर परत द्या.

तेलाचा हिशोबही बघा. नव्या कॉम्प्रेसरमध्ये बहुधा पूर्ण सिस्टिमपुरतं तेल भरून येतं, समजा १२० मिली. तुम्ही फक्त कॉम्प्रेसर बदलत असाल तर जुन्यातलं ओतून मोजायचं आणि नव्यात तेवढंच (थोडंसं वर) ठेवून बाकीचं काढायचं. सगळं तसंच ठेवलं तर जास्तीचं तेल कूलिंग कॉइलमध्ये साचतं आणि गारवा कमी होतो. काजूबींच्या केसमध्ये सगळं धुतलेलं असेल, तर पूर्ण १२० लागेल.

वायरिंगवाला
तेलावरून आठवलं. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो, त्यांत बहुधा पीओई जातीचं तेल असतं. तिथे साधं पॅग तेल थोडंसं मिसळलं तरी इन्सुलेशन बिघडतं आणि गाडी फॉल्ट दाखवून बंद पडू शकते. एकच मशीन, एकच होज सगळ्या गाड्यांना लावणाऱ्याकडे अशी गाडी देऊ नये. नारंगी वायरींना घरी हात लावायचा नाही.

सुरमई_फ्राय
@जांभा, पटलं. बंद गाडीच्या प्रेशरचं मी चुकीचं धरून चाललो होतो. मग बाजारात मिळणाऱ्या छोट्या डब्यांचं काय? लीक बंद करणारं औषध घातलेलेही मिळतात.

जांभा
लीक बंद करणारं औषध एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि गॅरेजचं मशीन दोन्ही चिकटवतं, पुढचा चांगला मेकॅनिक गाडी हातात घेत नाही. डबा घ्यायचाच तर ओळखीच्या दुकानातून, सीलबंद. स्वस्त डब्यात एलपीजीसारखा ज्वलनशील गॅस मिसळलेला असू शकतो, आणि बनावट आर-१३४ए मध्ये मिथाइल क्लोराइड सापडलेलं आहे, ते ॲल्युमिनियमशी प्रक्रिया करून स्फोटक संयुग बनवतं. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

तारकर्ली_किनारा
आमच्याकडचे जुने मेकॅनिक सांगतत, "आधी कलच बघा, मगे काम्प्रेसराक हात लावा." धाग्यात तेच चाललंय, बरं वाटलं.

किनाऱ्यावरच्या गाड्यांसाठी भर घालतो. मीठ सगळ्यात आधी कंडेन्सरचा खालचा भाग खातं, कारण चिखल तिथेच साचून ओला राहतो. दुसरी जागा म्हणजे ॲल्युमिनियमचा पाइप लोखंडी क्लॅम्पखाली जिथे दाबला जातो ती. क्लॅम्प सोडवल्याशिवाय तिथलं भोक दिसत नाही. पुळणीवर गाडी नेली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने कंडेन्सर समोरून धुवा, नुसत्या नळाच्या पाइपने. प्रेशर वॉशरने पत्र्याच्या पाती आडव्या होतात आणि वारा अडतो.

मुंबईकरांच्या गावी ठेवलेल्या गाड्या गणपती ते शिमगा उभ्या असतात, त्यांचा शाफ्ट सील कोरडा पडून गॅस जातो. घरच्या कुणाला तरी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी लावायला सांगा. पावसाळ्यातही. काच साफ राहते आणि सील ओला राहतो.

माडवन
पण घाट चढताना एसी बंद ठेवावा ना? आंबा घाटात चढावर एसी आपोआप सुटतो, तो बिघाडच का?

वायरिंगवाला
बिघाड नाही. पेडल पूर्ण दाबलं की पुष्कळ गाड्यांचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) काही सेकंद क्लच सोडतो, सगळी ताकद चाकांना मिळावी म्हणून. इंजिनचं पाणी जास्त तापलं तरी सोडतो. सपाटीला लागल्यावर लगेच परत येत असेल तर चिंता नको. तापमानाचा काटा वर गेला असेल तर मात्र थांबा आणि इंजिन थंड झाल्यावर कूलंट बघा.

खाडीकाठ
सर्वांनी सांगितलेल्या क्रमाने तपासलं, आकडे देतो.

पाऊण तासाने वारा कोमट झाला तेव्हा प्लेट थांबलेली होती. दोन्ही पंखे फिरत होते. कंडेन्सरवर पाण्याची फवार मारून फरक नाही. कनेक्टरला मागून १३.१ व्होल्ट. लाकडी दांड्याने टिचकी देताच पकडली आणि वारा गार. इंजिन बंद करून लगेच कॉइल मोजली, ४.६ ओहम. दुसऱ्या दिवशी सकाळी ३.६. फिलर गेज तीन ठिकाणी: ०.९०, ०.९५, १.००.

पाना_दहा
चित्र स्वच्छ आहे. कॉम्प्रेसर ठीक, गॅप वाढलाय. गॅस उघडावा लागत नाही.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. उजव्या चाकामागचं प्लास्टिक लायनर सोडवल्यावर बहुतेक हॅचबॅकमध्ये हात पोचतो. प्लेट धरून मधला बोल्ट सोडा. प्लेट शाफ्टच्या दातांवरून सरळ ओढून काढा, अडली तर स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, वाकेल. प्लेटमध्ये आटे असतील तर त्यात योग्य मापाचा बोल्ट फिरवला की ती स्वतः बाहेर येते. मागे शाफ्टवर कागदासारख्या पातळ वॉशर दिसतील, त्या शिम. त्यांची जाडी मोजा आणि गॅप ०.४-०.५ वर येईल एवढ्या काढा. ०.३ च्या खाली नको, नाहीतर सुटलेली असतानाही प्लेट घासते आणि बेअरिंग जळतं.

दोन्ही तोंडांवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढा, कोरड्या फडक्याने पुसा. तेल, ग्रीस, गंजाचा स्प्रे काही लागता कामा नये. पुली हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐका, आता उघडलंच आहे. बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कनेच आवळा, तो बारीक असतो, पिळून तुटला तर काम दहापट वाढतं. मग इंजिन चालू करून एसी पंधरा-वीस वेळा चालू-बंद करा, तोंडं एकमेकांवर बसतात. गॅप परत मोजा.

खाडीकाठ
झालं. आत दोन शिम होत्या, ०.५ आणि ०.१. जाड काढली, गॅप तिन्हीकडे ०.४० ते ०.५०. प्लेटच्या तोंडावर तांबूस पापुद्रे होते, ते घासले. बेअरिंग शांत. आज दुपारी दीड तास सलग चालवली, एकदाही क्लच सुटला नाही.

नंतर गेज लावून घेतलं: लो २६, हाय १७५, बाहेर ३३ अंश. आणि कंडेन्सरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा तेलकट डाग आहे, त्यावर लाल माती घट्ट बसलीय.

जांभा
गॅपचा प्रश्न सुटला, उत्तम. पण तो डाग सोडू नका. कोरड्या जागी धूळ बसते आणि उडते, तेलावर बसलेली चिकटून राहते. दोन्ही बाजू थोड्या खाली, म्हणजे गॅस कमी झालाय. साबणाच्या फेसाने बुडबुडा दिसला तर ठीक, नाहीतर यूव्ही डाय (यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग) घालून रात्री यूव्ही टॉर्चने बघा. काजूबींच्या गाडीची सुरुवात अशाच डागाने झाली असणार.

कंडेन्सर बदलताना ड्रायर आणि दोन्ही टोकांच्या ओ-रिंग नव्या, आर-१३४ए ला चालणाऱ्या. ओ-रिंगला तेच एसीचं तेल लावून बसवायच्या. नायट्रोजनने १५० पीएसआयपर्यंत भरून अर्धा तास काटा बघायचा. ऑक्सिजन कधीही नाही, तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो. मग व्हॅक्यूम, आपल्या दमट हवेत किमान ४५ मिनिटं, पंप बंद करून दहा मिनिटं काटा हलत नाही हे स्वतः उभं राहून बघायचं. आणि गॅस स्टिकरप्रमाणे, वजनकाट्यावर.

खाडीकाठ
फेस लावला, कोपऱ्यात बारीक बुडबुडे येतायत. कंडेन्सर मागवतो. कॉम्प्रेसरवरच्या पट्टीवर पॅग ४६ लिहिलंय. तेल किती घालायचं?

पाना_दहा
जुना कंडेन्सर काढल्यावर उलटा करून त्यातलं तेल मापात ओता. तेवढं, आणि डागातून गेलं त्यासाठी वर थोडं. या मापाच्या कंडेन्सरला ड्रायरसकट एकूण ३० ते ४० मिली धरतात. पॅग ४६ ची बाटली सीलबंद, छोटी घ्या आणि तुमच्यासमोर उघडायला लावा. अर्धी वापरून फळीवर ठेवलेली नको. हे तेल हवेतलं पाणी पितं, आणि पावसाळा तोंडावर आलाय.